इस्त्रीचा शर्ट आणि छातीतली जळजळ

ती. भावोजींना मेहुण्याचा दुरूनच वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, ताईचा राग आणि मुलांचे मार्क जागच्या जागी असतील अशी आशा आहे. आमच्याकडचं विचाराल, तर धाकटा जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर ताई तुमच्या हातून पत्र ओढून घेईल आणि पहिल्याच ओळीला रडायला लागेल. (तरी रडेलच. तिला पाणी द्या.)

आता सविस्तर. आम्ही दोघं भाऊ हॉस्पिटलच्या चादरी जिथे धुतो, त्या इथल्या परदेशातल्या लाँड्रीत उन्हाळ्यात हृदय तपासायची गाडी आली होती. धाकटा रांगेत सगळ्यांच्या पुढे. (फुकट म्हटलं की आपलं घराणं मागे राहत नाही.) पण गाडीतल्या बाईंनी वय विचारलं आणि त्याला परत पाठवलं. तपासणी म्हणे पंचेचाळिशीनंतर. आमचे बाबा चाळिशीतच गेले, काका त्याच वाटेनं गेले, हे मी त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं सांगून पाहिलं. बाई गोड हसून म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच आहे. बाबांना कुठे माहीत होतं, नाहीतर थांबले असते बिचारे.

मग धाकट्याच्या छातीत जळजळ सुरू झाली. दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर साहेब दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार! डॉक्टरकडे गबाळं जायचं नाही, ही आईची शिकवण. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? धाकटा म्हणाला, छान. (माणूस एवढ्या आपुलकीनं विचारतोय, त्याला कशाला दुखवायचं?) पुढचं बोलायला फोनवर दुभाषा दिला. तो आपल्याच बाजूचा निघाला, पण भाषा भलतीच. तो काय बोलला ते आम्हाला कळेना, आमचं त्याला कळेना, आणि तिघंही एकमेकांना भिडेपोटी हो हो म्हणत राहिलो. डॉक्टरांनी शर्टाकडे पाहिलं, पित्त ठरवलं, गुलाबी औषध दिलं आणि तुम्ही लोक तिखट कमी खा म्हणाले. औषध चवीला बरं होतं. घरात सगळ्यांनीच घेतलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटा चादरींच्या ढिगावर आडवा झाला. मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडून प्रश्न, रुग्णाला आमची भाषा येते का? म्हटलं, बाई, सध्या त्याला कुठलीच येत नाही.

आता घरी आणलंय. चादरींची गाडी एकटा ढकलणारा आपला पैलवान चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. हृदयाचा एक भाग कायमचा गेला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या लोकांना हा आजार बराच लवकर गाठतो, हे आम्हाला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. भावोजी, माझं डोकंच फिरलं! ठाऊक होतं, तर त्या गाडीतल्या बाईंच्या कानावर कोणी का नाही घातलं?

सगळ्यांना यथायोग्य. मुलांना पापा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. परवा फोनवर ताई हसत हसत म्हणाली, जिना चढताना मलाही जरा जळजळतं, वयच झालं. वय कसलं डोंबलाचं! भावोजी, पाया पडतो, तिला उद्याच तपासायला न्या. ओरडेल, रुसेल, स्वयंपाक करणार नाही म्हणेल. उपाशी राहा, पण न्या.

ता. क. २. मला तपासणीचं बोलावणं आलंय. माझी पंचेचाळिशी झाली ना, नियमात बसतो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. घरात हे कोणाला माहीत नाही. ताईला सांगा, ती तपासून आली की मी जाईन. आणि तिला हेही सांगा, की मला फार भीती वाटते.