सही जुळत नाही

११ जून ९७
शाळेच्या मैदानात लाल खुंट्या. तेल कंपनीच्या डेपोला आणखी चार टाक्या हव्यात. चैत्रात जुनी टाकी पेटली, तीत दिलीप जळाला. ओढ्यावर तेव्हापासून तवंग. काडी टाकली तर पाणी पेटतं. दिलीपची बायको शोभा (माझी विद्यार्थिनी, चौथी अ) आज चार खुंट्या उपटून ओसरीवर टाकून गेली.
"गुरुजी, त्या कंपनीचे कागद हायेत म्हने तुमच्यापाशी?"
आहेत. निवृत्तीच्या वर्षी घेतलेले दहा शेअर. ट्रंकेत, कवितांच्या वह्यांखाली.
"म्हंजे तुमी मालकच ना! मंग इचारा त्याइले, माहा नवरा काऊन जाळला."

१३ जून
वर्ध्याला दलालाकडे जाऊन आलो. कंपनीची वार्षिक सभा सप्टेंबरात, मुंबईला. भागधारक उभा राहून बोलू शकतो. त्याने पाठवलेला प्रतिनिधी फक्त मत देतो, तोंड उघडायचं नाही. शोभाला तर बोलायचंच आहे. म्हणजे पाच शेअर तिच्या नावे करणं आलं. फॉर्म आणला. आज तेरा तारीख, सही सोमवारी करू म्हटलं, दिवस चांगला आहे. सलूनमध्ये दाढी करताना हे सगळं सांगूनही बसलो. कौतुक वाटत होतं स्वतःचं.

२४ जून
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
सहीच्या आदल्या दिवशी, रविवारी भरदुपारी समुद्रपूर स्टँडमागे प्रल्हादने गाठलं. तोही चौथी अ. आता टाक्यांच्या ठेकेदाराची माणसं हाकतो.
"सही नका करू, गुरुजी."
"करणार."
"मंग हात पुढं करा."
मी केला. का केला? तीस वर्षं पोरांनी माझ्यापुढे करायचा तसाच, तळवा वर.
लोखंडी सळाख. "ओढ्याची कविता म्हना." मीच रचलेली, त्यांच्या वर्गासाठी. थांब ओढ्या, थोडा बसतो, पाय पाण्यात सोडुनी... दोन कडवी म्हटली. तिसरं आठवेना. त्यालाही आठवलं नव्हतं तेव्हा. पाच छड्या दिल्या होत्या मी. त्याने मोजून पाच दिल्या. मधलं बोट मागे वळून माझ्याकडेच बघत होतं.
शोभा बसमधून उतरत होती. अर्धी वीट तिने त्याच्या कपाळात घातली. त्याचं रक्त माझ्या धोतरावर. अजून धुवू दिलं नाही.

२ जुलै
दुपारी डोळा लागला. करंजाची सावली, स्वच्छ ओढा, चाळीस पोरांचा एक सूर. काय दिवस ते! मग त्याच सुरात मी प्रल्हादची बोटं मोडू लागलो, एकेक, तालावर. जाग आली तेव्हा बरं वाटत होतं.
लाज वाटली असं लिहिणार होतो. नाही वाटली.

२१ जुलै
प्लास्टर निघालं. तीन बोटं वळत नाहीत. तरी फॉर्मवर सही केली. रजिस्टर पोस्टाने रवाना.

२० ऑगस्ट
फॉर्म परत आला. छापील चिठ्ठी : देणाऱ्याची सही नमुना सहीशी जुळत नाही.
शोभा हसत सुटली, मग खांबावर डोकं आपटलं तिने. "हातबी तोडला, अन् वरून म्हन्ते सही चुकली!"
बँकेच्या साहेबाकडे गेलो, ओळख पटवून द्या म्हणून. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कोण ओळखत नाही? पण आमच्या कार्डावरही जुनीच सही आहे."

३ सप्टें.
मैदानात पाया खोदायला घेतला. गावाने मशीन फोडलं. पोलीस आले, वर्गात घुसून लाठ्या चालवल्या. फळ्यावर रक्त. ज्या फळ्यावर मी ओढा काढायचो.
टपालात सभेचं बोलावणं, माझ्या नावाने. प्रवेशपत्रावर सही हवी. तीही नमुन्याशी ताडून बघणार.
शोभाने आपलं चौथीचं प्रगतिपुस्तक आणलं. माझ्या जुन्या सह्या, लफ्फेदार. "गिरवा," म्हणाली. समोर बसून राहिली. हात थांबला की, "गिरवा ना, गुरुजी." शंभरदा तरी. बोटांतून कळ डोक्यात जाते.

२६ सप्टें., मुंबई
सभागृहाबाहेरचा बाक. टेबलावरच्या माणसाने माझी सही उजेडात धरली. मग वहीतली बघितली. मग माझा हात.
"या बाई कोण?"
"मला हात लागतो," म्हणालो. "त्या माझा हात."
तो हसला नाही. पत्र घेऊन आत विचारायला गेलाय, अजून आला नाही. आत माईकवर विस्ताराच्या गोष्टी, टाळ्या.
ठरलंय असं : मी उभा राहीन, दिलीपचं नाव घेईन, शोभा ओढ्याची बाटली अध्यक्षांपुढे ठेवील. बाटली तिने काढलीय. पाण्यावर तवंग, इंद्रधनुष्यासारखा. दुसऱ्या मुठीत काडीपेटी. हे ठरलं नव्हतं.
"शोभे, दे इकडे."
"बोलू दिलं तर देतो."
उजवा हात पुढे केलाय मी. तळवा वर. ती बघून राह्यलीय नुसती.
दार उघडतंय.