न पेटलेल्या भट्टीची राख

हेल्मीवन्संना धाकट्या भावजयीचा, अजून झटकून न झालेल्या हातांनी, नमस्कार.

गुडघा कसा आहे? दुलुथच्या थंडीने ठणकत असेलच. (लोकरीचा पट्टा बांधत जा, कपाटात ठेवून गुण येत नाही.) आम्ही सुखरूप आहोत, फक्त जरा राखाडी.

मंगळवारी घराची हवेची चाचणी झाली. मामंजींसाठी खोली आणि वाफेच्या आंघोळीची सौना बांधली खरी, पण घरातून हवा किती गळते ते मोजल्याशिवाय राहायची परवानगी नाही, आणि परवानगी नाही तोवर मामंजी वृद्धाश्रमातून सुटत नाहीत. सहा महिने झाले हो! तिथे नळाखाली उभं करून आंघोळ घालतात. त्या दिवशी मुद्दाम त्यांना आणलं होतं.

तपासायला आली बर्निस नावाची पोरगी, अंगाने काडी. तिने पुढच्या दारात लाल कापड ताणलं, त्यात भला मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लागली. म्हणजे जिथे फट असेल तिथून बाहेरची आत येणार. अहो वन्सं, काय सांगू! अख्खं घर सुस्कारलं. तिने धुराची कांडी विजेच्या बटणापाशी धरली तर धूर मागे सरला. तीस वर्षं मी ते बटण दाबतेय, त्याच्यामागून वारा येतो हे मला ठाऊक नव्हतं! मी तर तिला मनातल्या मनात हात जोडले.

तिने आधी विचारलं होतं, सगळ्या शेगड्यांतली राख काढलीत ना? तुमचे बंधुराज रून छाती काढून म्हणाले, "सौनाची भट्टी कोरी आहे, बाई. काडीसुद्धा लागलेली नाही." पंख्याचा वेग वाढला, धुराड्यातून वारा उतरला, भट्टीचं दार फाडकन उघडलं आणि... नवा रंग, नवे पडदे, रूनच्या मिशा, सगळं एका रंगाचं. बर्निसने चष्मा पुसला. "कोऱ्या भट्टीच्या मानाने राख बरीच आहे," म्हणाली.

"मी पेटवली," मामंजी खुर्चीतून म्हणाले. "शनिवारी भेटीला आलो तेव्हा. माझ्या बापाने आधी सौना बांधली, मग घर."

रून जो भडकला! "अहो, शहाऐंशी वर्षांचे झालात! परवानगी अडकली असती म्हणजे?" मामंजी खाली मान घालून ऐकत होते.

दोन तास झाडलं, भट्टी घट्ट बंद केली, पुन्हा पंखा. गळतीची मर्यादा तीनची. मी श्वास रोखून उभी, न जाणो तोही मोजायची. आकडा आला दोन पूर्णांक नऊ. पास! मी बर्निसला मिठी मारली. आता तीही राखाडी.

तुमची,
कायसा

ता. क. मामंजी शनिवारी कायमचे येतायत. सौनात अंगावर झोडून घ्यायला, तुम्ही जूनमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बर्चच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या पाठवा. खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसले.

ता. क. दुसरा. भट्टी मी पेटवली होती. मामंजींच्या थरथरत्या हातांनी काडी तरी ओढवते का? अर्धा तास आत बसले, आणि बाहेर आल्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. नंतर मी रूनला खरं सांगायला निघाले तर मामंजींनी मला दटावलं, "खबरदार! आश्रमात सगळे माझ्याशी गोड बोलतात. मंगळवारी कुणीतरी घरच्यासारखं ओरडलं."