केंद्र एकशे तीनमधली पन्नास मतं

१२ एप्रिल, मळमड्डी
इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर आली. प्रिसायडिंग ऑफिसर. म्हणजे केंद्राची सगळी जबाबदारी माझी. शेजारचे बाळाचार्य म्हणाले, मशीनच्या पोटात शिरून कोण बघून आलंय? वकिली सुटली, संशय सुटला नाही. निश्चय : एका गावाचा तरी विश्वास बसवायचा.

२५ एप्रिल
ट्रेनिंग. मतदानादिवशी पहाटे पक्षांच्या एजंटांसमोर पन्नास चाचणी मतं द्यायची, आकडा दाखवायचा, मतं पुसायची, मग फॉर्मवर सही. सोपं आहे. मी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला ट्रेनर म्हणाले, सर, जेवण गार होतंय.

५ मे, संध्याकाळ. कलघटगीजवळची शाळा
फॉर्मवर आजच सह्या करून ठेवल्या. सकाळी एजंटांशी बोलायला वेळ हवा. हाताखालची नेत्रा म्हणाली, पुसल्यावर सही करायची असते, सर. नवीन आहे.
शाळेत स्वयंपाक करणाऱ्या हिराबाईंनी भाकरी आणली. मत देत नाहीत. बटण दाबलं की ते कुठं जातं, देवाला ठाऊक, म्हणाल्या. मी शब्द दिला : माझ्या केंद्रावर एक मत इकडचं तिकडं होणार नाही. ‘नोडोण,’ कानडीत म्हणाल्या. बघू. म्हणजे येणार.

६ मे, दुपार
चाचणी चोख. एजंट प्रभंजन शंकेखोर. त्याला निष्पक्षतेवर पंचवीस मिनिटं समजावलं. नेत्रा मध्येच काही सांगत होती, हातानं थांबवलं. दाराशी रांग लागलेली. फॉर्म तयार, म्हणून ठीक सातला सुरुवात. रांगेत तिसऱ्या हिराबाई!

६ मे, संध्याकाळ
रजिस्टरमध्ये ६११. मशीनमध्ये ६६१.
प्रभंजन म्हणाला, भाषण ऐकून भुतांनीपण मत टाकलं काय, सर? मग तोही हसायचा थांबला.
चाचणीची मतं पुसायची राहिली. नेत्रा म्हणते, सकाळी तेच सांगत होते. तिनं मोठ्यानं सांगायला हवं होतं. फॉर्मवर ‘मतं पुसली’ आणि खाली माझी सही. अक्षर सुरेख आलं आहे.
बाहेर गाव जमलं. हिराबाई बोटावरची शाई पदरानं घासत होत्या.

८ मे
नोटीस. उत्तराचा मसुदा नऊ पानं. बायको विमला म्हणाली, ‘चुकलो’ लिहायला एक ओळ पुरते. परवा फेरमतदान, मला वगळून. तिथं विश्वास कोण बसवणार?

१० मे
नेत्राचा फोन. मतदान शांततेत. शाई यावेळी मधल्या बोटाला.
विचारलं, हिराबाई आल्या?
आल्या, सर. आधी दारातून डोकावल्या. ते शब्द देणारे सर आज आहेत का, विचारलं. नाहीत म्हटल्यावर आत आल्या.