हिल्डा टीचरचा नकार

३ नोव्हेंबर

आज वसईच्या या घरी नर्स म्हणून रुजू झाले. रिक्षा गावात शिरली तशी दोन्ही बाजूंना केळीच केळी. चिपळूणलाच परत आल्यासारखं वाटलं. ॲलिस्टर अंकलनी स्वतः माझी बॅग उचलली. जेवायला सुरमईचं कालवण! काम सोपं आहे. त्यांच्या बहिणीला, हिल्डा टीचरना, मानसिक आजाराच्या गोळ्या द्यायच्या. कोर्टाने अंकलना त्यांचे पालक म्हणून नेमलंय.

६ नोव्हेंबर

टीचर छान गप्पा मारतात, माझे उच्चारही सुधारतात. फक्त गोळी घेत नाहीत. म्हणाल्या, "हिने माझी जीभ जड होते गं. रोझरीची प्रार्थनासुद्धा धड म्हणता येत नाही. दुसरी द्या म्हटलं, तर कुणी ऐकत नाही."

अंकलना सांगितलं. ते सहज म्हणाले, "शिऱ्यात कुस्करून घाला, सिस्टर."

मी म्हटलं, तुम्ही पालक असलात तरी आधी त्यांना विचारायला हवं. नको असेल तर त्यांना मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागता येते. अंकल हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

९ नोव्हेंबर

टीचरच्या सांगण्यावरून मंडळात फोन लावला. बोलता बोलता वळले, तर अंकल दारात उभे. कधीपासून?

१० नोव्हेंबर

माझा मोबाइल सापडत नाही. डॉक्टर आले. टीचरना बघायला, असं मला वाटलं. पण प्रश्न मलाच. झोप लागते का? कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं का? मी म्हटलं, हो, अंकल ठेवतात. डॉक्टरांनी मान डोलावली. अंकलनी सुस्कारा सोडला.

टीचरना आज अंकलनीच शिरा भरवला. आता त्या नुसत्या भिंतीकडे बघतात.

१२ नोव्हेंबर

इथलं अन्न खात नाही. स्वतः सोललेली केळी तेवढी. जाते म्हटलं तर फाटकाला कुलूप. अंकल म्हणाले, "अशा अवस्थेत कुठे जाणार, बाळ? तुझ्या भावाला बोलावलंय."

कालपर्यंत सिस्टर म्हणायचे.

१३ नोव्हेंबर

कौस्तुभदादा आला! सुटले —

आधी अंकलशीच बोलतोय. माझ्या खोलीला बाहेरून कडी. पलीकडून ऐकू येतंय, "लहानपणापासून हट्टीच आहे ती..."

ओरडून सांगितलं, मी आजारी नाही. डॉक्टरही आलेत. म्हणाले, सगळे असंच म्हणतात —

फटीतून दिसलं, दादाने माझ्या उपचारांच्या कागदावर सही केली.

दार उघडलं. दादाच्या हातात पाण्याचा ग्लास. दुसरी मूठ मिटलेली. रडतोय. म्हणतो, माझ्यासाठी एवढी घे, अनू —

मी नको म्ह