धाकटीच्या जागी बसून

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! सासूबाईंना धाकट्या जावेकडून आपल्याकडे आणायचं. अर्धांगवायूनंतर त्या तिच्याकडेच आहेत, आणि दर भेटीत मला तिचीच गाऱ्हाणी सांगतात. मी हॉस्पिटलात तीस खाटांचा वॉर्ड सांभाळते, एक सासू काय जड आहे? धाकटी शिवणयंत्र सोडून औषधाच्या वेळा पाळणार — म्हणजे झालंच. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की गाडी घेऊन जायचं.

पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. वाटलं, शाबासकी देतील. तर म्हणाले, "आठवडाभर धाकटीसाठी प्रार्थना करा. पण तिच्या जागी बसून. 'मी' म्हणून."

त्यात काय? करू.

४ फेब्रुवारी

"प्रभू, मी धाकटी. मी आळशी आहे. मला क्षमा कर." झाली प्रार्थना! ह्यांना सांगितली तर चहाचा ठसकाच लागला. "ही प्रार्थना नाही, चहाडी आहे," म्हणे.

५ फेब्रुवारी

पुन्हा बसले. "प्रभू, मी धाकटी" — पुढे काही सुचेना. सासूबाईंना उचलते कशी ती? एकटीच? वॉर्डात माझ्या हाताशी दोन आया असतात. तिची पाठ दुखते का, मी कधी विचारलंच नाही. इतक्या वर्षांची जाऊ, आणि तिच्या मनातली एक ओळ मला येईना. स्वतःचाच राग आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रार्थनासभेत फजिती. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी माझी, आणि सवयीनं निघून गेलं — "प्रभू, मी धाकटी. थोरल्या जाऊबाई येतात, आधी आईंची चादर तपासतात, मग माझ्याकडे बघतात." आणि ती मागच्याच बाकावर!

दारात तिनं गाठलं. म्हटलं, आता निघते आपली खरडपट्टी. "ताई, हे तुम्हाला कसं कळलं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. तिला म्हटलं, आता तुझी सुटका, रविवारी आईंना नेते. ती आईंच्या औषधाची वेळ झाली म्हणून घाईनं निघाली. दमली असेल बिचारी. मला मात्र फार हलकं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पलंग तयार आहे. हे खाली गाडीत थांबलेत. निघता निघता लक्षात आलं, सासूबाईंच्या जागी आपण बसलोच नाही. बसले. "प्रभू, मी म्हातारी सासू" — आणि पुढचं आपसूक आलं. "जिच्यावर रोज हक्कानं चिडते, तिच्याजवळच मला राहू दे."