टोपी संपता संपेना

डहाणू,
१७ डिसेंबर २०१७

ती. सौ. मुक्ताताईस,
धाकट्या श्यामकांताचा वाकून नमस्कार. दाजींनाही तसाच. (त्यांचा गुडघा नाशिकच्या थंडीत कुरकुरत असेल. त्यांना म्हणावं, कुरकुरणारा गुडघा निदान चालतो तरी, माझा तर बसून बसून झोपूनच गेला आहे.) इकडे सर्व क्षेम. जयमाला मजेत आहे आणि माझ्याबद्दल तू तिला फोनवर काही विचारत नाहीस असं तिने सांगितल्यामुळे मीच सविस्तर कळवतो.

ताई, मी विणायला लागलो आहे! हे वाक्य पुन्हा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. तळासरीच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून जूनअखेर निवृत्त झालो आणि जुलैत माझ्या लक्षात आलं की घरात माझ्या सहीवाचून काहीच अडत नाही. ऑगस्टात मी जयमालाच्या डब्यांना क्रमांक दिले, सप्टेंबरात तिने मला बाहेरच्या पडवीत काढलं. तिथे बसून मोबाईल बघताना एका गोऱ्या बाईंचं दर्शन घडलं. बाई कुठल्या देशाच्या, काय बोलतात, देव जाणे, पण हातात एक प्लास्टिकचं कडं, कड्याला उभ्या खुंट्या, खुंट्यांना लोकर गुंडाळायची आणि आकड्याने खालचा टाका उचलून वरच्यावरून मागे टाकायचा, की झालं. सुया नाहीत, मोजणं नाही. आणि बघता बघता टोपी! मी तिथेच ठरवलं की या थंडीत ताईला कानटोपी जाईल ती माझ्या हातची. कारण तुला ठाऊक आहे. आमच्या शैलेशच्या लग्नानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस, आणि ती तू पुन्हा चढावीस यासाठी मी काहीही करीन, अगदी विणीनसुद्धा.

त्या कड्याला म्हणतात लूम. हा शब्द नाशिकला निरुपद्रवी असेल, आमच्याकडे नाही. शेजारी प्रविण राहतो, मूळचा झाईचा, रोज गुजरातेत उंबरगावच्या कारखान्यात जातो. त्याला म्हटलं, येताना एक लूम आण, गोल आणि मोठ्यात मोठी. पोरगा गुणी, एका शब्दानेही उलट विचारलं नाही. संध्याकाळी रिक्षातून उतरला तो खांद्यावर केळ्यांचा आख्खा घड घेऊन. गुजरातीत घडाला लूम म्हणतात हे मला कळलं तेव्हा दीडशे केळी पडवीत आली होती आणि सगळी एकाच दिवशी पिकायच्या बेतात होती. आठवडाभर आमच्याकडे सकाळी शिकरण, दुपारी केळ्याची भजी आणि रात्री अबोला होता. मग मी प्रविणला नीट समजावलं, बाबा रे, खायची लूम नव्हे, हाताने करमणूक करायची लूम, हौसेची. दिवाळी तोंडावर होती. त्याने लवंगी फटाक्यांची लूम आणली. (तिकडे फटाक्यांच्या माळेलाही लूमच म्हणतात. त्या भाषेत कशाला लूम म्हणत नाहीत तेवढं मला एकदा विचारायचं आहे.) अखेर शैलेशला फोन केला. त्याने हसू आवरून कुरिअरने लूम पाठवली, सोबत तांबड्या लोकरीचे आठ गुंडे.

आणि ताई, काय सांगू! पहिल्या दिवशी लोकर माझ्या चष्म्याला विणली गेली. दुसऱ्या दिवशी तीन ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी हाताला अशी काही लय सापडली की चहा निवला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायला सांगून गेलेली जयमाला परत येऊन बोलायचं ते बोलली, तरी मी आपला टाका उचलतोय आणि टाकतोय. तीस वर्षं नोकरी केली, पण कामाने मला असा आनंद कधी दिला नव्हता. इतके दिवस तू हे सुख एकटीच भोगत होतीस आणि आम्हाला बोलली नाहीस. (बोलली असशील. मी ऐकलं नसेल.)

अडचण एवढीच की टोपी संपवायची कशी हे मला पाहायलाच मिळालं नाही. रोज मोबाईलवर ठरावीक डेटा मिळतो. त्यातला बराचसा जयमालाच्या मालिका फस्त करतात आणि उरलेल्यावर मी बाईंना पहिल्यापासून लावतो, कारण फाईल मधूनच उघडायची मला सवय नाही. बाई शेवटाला आल्या की डेटा संपतो आणि पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरू लागतं, ते फिरतच राहतं. तोवर हात रिकामा कशाला ठेवा म्हणून मी विणत राहिलो. टोपी गळ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत. मग तिला टोपी म्हणणं मी सोडलं. आज ती पडवीतल्या झोपाळ्यापासून निघून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून देवघराशी पोचली आहे. तांबडी, पोकळ आणि दोन्हीकडून उघडी. तीस वर्षांत शेकडो प्रकरणं निकाली काढलेल्या माणसाला एक टोपी निकाली काढता येईना, याची गल्लीत चर्चा आहे.

परवा मासळी घेऊन धाकटी डहाणू गावची कोळीण नवशी आली. टोपली उतरवून तिने ते प्रकरण दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "साहेब, जालं झकास हाय, पन शेवट बांदला नाय तर मावरं आत राहील कसं?" मी म्हटलं, यात मासे धरायचे नाहीत, बहीण धरायची आहे. ती हसली नाही. तिलाही एक बहीण आहे म्हणे, बोर्डीला, बोलत नाही.

तर ताई, ही माझी हकिकत. थंडीला जप. दाजींना गुडघ्याला शेक द्यायला सांग.

तुझा आज्ञाधारक (आता खरोखरच),
श्यामकांत

ता. क. : मूळ विनंती राहिली. टाके बंद कसे करायचे ते तुला येतंच. फोनवर सांगू नकोस, मला असल्या गोष्टी फोनवर कळत नाहीत. जव्हारमार्गे एसटी आहे. स्वतः येऊन दाखव. मी स्टँडवर उभा राहीन.

ता. क. २ : जयमालाने पत्र वाचलं. ती म्हणते, खरं लिहा. तर लिहितो. नवशीने परवाच जाळ्याचा शेवट बांधतात तसा एक दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून, ओढून दाखवला. दोन मिनिटांचं काम आहे. मला आता येतं. मी मुद्दाम करत नाही.

ता. क. ३ : शैलेशच्या लग्नात तू माझ्यासाठी स्वेटर आणलास आणि मी तो सगळ्या व्याह्यांसमोर अंगावर धरून, आमच्या ताईच्या मते डहाणूला मे महिन्यात बर्फ पडतो, असं म्हणालो. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. तू न जेवता गेलीस आणि अडीच वर्षं मी लोकांना सांगत होतो की गंमत केली. गंमत नव्हती, ताई. मी चुकलो. हे एवढंच लिहायला सकाळी बसलो होतो, पण पहिल्या ओळीत ते काही केल्या उतरेना.