जाळ्याचा वाटा

८ सप्टेंबर

पाठ नापास!

सातवीचा वर्ग, धडा भागीदारी. पिंगळेसर शेवटच्या बाकावर शेरे लिहीत बसले होते. या शाळेत गणित तेच शिकवतात, म्हणून आम्हा बी.एड.वाल्यांचे सराव पाठही तेच तपासतात. टाचण मी तीनदा लिहिलं होतं. पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला — तिघांनी मिळून बारा मासे धरले, सारखे वाटले, प्रत्येकाला किती?

सगळा वर्ग ओरडला — "तीन!"

मला चार हवे होते. पहिल्या बाकावरच्या सुकीला उभं केलं.

"तिघांचे तीन वाटे नि जाल्याचा एक. जाला काय फुकट येतो, सर?"

मुलं हसली. मीही हसलो. आमच्या गावी, पोशेऱ्यालाही जाळ्याचा वाटा काढतातच. ज्याचं जाळं, त्याला तो जातो. फळ्यावर लिहिलं, १२ ÷ ४ = ३. बरोबरच आहे!

सरांचा शेरा — "चुकीचे उत्तर फळ्यावर. विषयाचे ज्ञान कच्चे. पाठ पुन्हा घ्यावा."

९ सप्टेंबर

सरांनी बोलावून समजावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "अरे, आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं घोकून घ्यायची. येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. वर्ग कसा हुशार दिसतो! आणि ते जाळं घरी ठेवून ये."

मी मान हलवली. घाबरट!

पण सराव पाठांचं शेवटचं प्रमाणपत्र सरांच्याच हातात. दहावीला गणितात उडालो तेव्हा दोन वर्षं भिवंडीच्या गोदामात खोकी उचलली. "ए जव्हार, इधर आ!" — जव्हारकडचा, एवढीच ओळख; नावही कुणी विचारलं नाही. तिथे परत जायचं नाही मला.

१३ सप्टेंबर

सोळाला पुन्हा पाठ. टाचण काढून बसलो. मासे काढून पेन्सिली घालाव्यात का? पेन्सिलींना जाळं लागत नाही. एका शब्दात सुटका.

आई म्हणते, "जेव आधी. कागद काय पळून चालला?"

१४ सप्टेंबर

नाही बदलत. मासेच.

१६ सप्टेंबर

घोकून काही घेतलं नाही. फळ्यावर तोच प्रश्न लिहिला.

"तीन!"

"आणि जाळं तिघांचं मिळून असेल तर?"

करण म्हणाला, "मंग चार. वेगला वाटा कशाला?"

"आणि जाळं त्या तिघांतल्या एकाचंच असेल तर?"

गोंधळ! "त्याला सहा!" "दोन वाटे कसे रं त्याला?" "तू आण ना मंग जाला!" सुकी तर बाकावर चढली. मी फळ्यावर लिहिलं — २ : १ : १. भागीदारी म्हणजे दुसरं काय असतं?

शेरा — "वर्गावर नियंत्रण नाही." त्याखाली, बारीक अक्षरात — "उत्तीर्ण."

२६ सप्टेंबर

घटक चाचणी झाली. प्रश्न सरांनी काढले. पहिलाच — तीन मित्रांनी बारा मासे समान वाटले, प्रत्येकी किती? मुद्दाम!

काहींनी चार लिहिलं. पण अर्ध्याहून जास्त मुलांनी तीन लिहून शेजारी जाळं काढलंय. सुकीने आकडाच लिहिला नाही — "जाळं कोणाचं ते आधी सांगा."

सरांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तपास. उत्तर चार. दुसऱ्या कशाला गुण दिलास, तर प्रमाणपत्र विसर."

यांना हे मी शिकवलं. आता मीच शून्य देऊ?

२७ सप्टेंबर

चार लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण. जाळं काढणाऱ्यांना पूर्ण गुण. सुकीलाही. प्रत्येक पेपरवर सही केली, पूर्ण नावानिशी.

६ ऑक्टोबर

प्रमाणपत्र मिळालं नाही. सराव पाठ पुढच्या वर्षी पुन्हा.

कॉलेजने विचारलं, कुठली शाळा हवी? हीच मागितली. सुकी तेव्हा आठवीत असेल.